ताईला आणायची गाडी

चिंतामणराव मुजुमदारांनी पिकअपला अठरावा लाल टॅग बांधला, तेव्हा इरावतीबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला नाही. बॉनेटवर आदळला. सदतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं होतं. चिंतामणरावांनी आधी बॉनेटवर ओरखडा पडला का ते पाहिलं, आणि मग बायकोच्या तोंडाकडे. क्रम चुकला हे त्यांनाही कळलं, पण उशीर झाला होता.

"आता काय निघालं?" इरावतीबाईंनी विचारलं.

"वायपर. डावीकडचा काचेवर टेकताना किंचित थरथरतो."

"कार्तिक चालू आहे. पाऊस कुठे आहे?"

"अवकाळी पडला तर?"

लाल टॅगाचं असं आहे. चिंतामणराव छत्तीस वर्षं देवासच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. माल बरोबर असला की हिरवा टॅग, नसला की लाल. हिरवा टॅग बांधताना त्यांचा हात नेहमी अडखळायचा. उद्या तो गिअर कुठे घाटात तुटला तर? लाल टॅगाला असलं काही नसतं. लाल बांधला की प्रश्न मिटला, माणूस निवांत जेवायला मोकळा. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि यांनी स्टोअरमधून उरलेल्या लाल टॅगांचं एक बंडल मागून घेतलं. हिरवे कोणी देऊ केले होते, ते नको म्हणाले.

पिकअप तेरा वर्षांची होती आणि धारच्या माधवरावांची होती. माधवराव म्हणजे ताईचे यजमान. झाडांच्या रोपांचा त्यांचा धंदा. ते जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी दारात उभी आणि ताई घरात एकटी. ताई चिंतामणरावांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. साठी उलटलेल्या भावाला ती अजून चिंटूच म्हणते, आणि तो ओ देतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ताई न्हाणीघरात घसरून पडली. अडीच तास तशीच पडून होती. शेजारच्या जैनांच्या सूनबाई वाटीभर साखर मागायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं हा विचार चिंतामणरावांना आजही जेवता जेवता येतो आणि घास तोंडात फिरतो. हाड मोडलं नव्हतं, पण त्याच आठवड्यात ठरलं की ताईने आता देवासला यायचं, कायमचं.

ताईने दोन अटी घातल्या. "एक, मी निघेन ती यांच्याच गाडीतून. भाड्याच्या टॅक्सीत बसून मी हे घर सोडायची नाही. आणि दोन, गाडी तू चालवायची. परका माणूस नको. आता घेऊन जा, नीटनेटकी कर, आणि मला न्यायला ये."

"हो ताई," चिंतामणराव म्हणाले.

इथेच घात झाला. कारण चिंतामणरावांना गाडी चालवता येत नव्हती.

म्हणजे कागदावर येत होती. अठ्ठ्याऐंशी सालचं लायसन्स होतं, दर वेळी वेळेवर रिन्यू केलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात. पण कारखान्याची बस आणि स्वतःची स्कूटर यांच्यावर आयुष्य निघालं. चारचाकीत स्टिअरिंगमागे बसलं की त्यांच्या तळव्यांना घाम सुटायचा आणि समोरचा प्रत्येक ट्रक आपल्यासाठीच घरून निघाला आहे अशी खात्री पटायची. हे त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं, तिला ते दिसलं होतं.

ताईपुढे हे कबूल करायचं म्हणजे मरणच. मग त्यांनी शेजारच्या विक्रमसिंहला बरोबर नेलं. विक्रमसिंहला ताईच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोह्याच्या गाडीपाशी उभं केलं, स्वतः पिकअपमध्ये बसले, ताईला हात केला, आणि पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत कोपऱ्यापर्यंत गेले. एकशेदहा पावलांचं अंतर. तिथे उतरले तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. पुढचे शंभर किलोमीटर विक्रमसिंहने चालवली. देवासला पोचल्यावर चिंतामणरावांनी ताईला फोन केला, "पोचलो गं. मक्खन चालते गाडी."

तेव्हापासून गाडी देवासला घरापुढच्या कडुनिंबाखाली उभी होती, आणि तिच्यात सुधारणा चालू होत्या.

सुधारणांचा उगम ताईच. दर रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा. घड्याळ लावून घ्यावं. पहिल्या रविवारी म्हणाली, "चिंटू, माझे गुडघे काही त्या गाडीत चढायचे नाहीत. पायरी लागेल रे."

चिंतामणरावांना इतका आनंद झाला की इरावतीबाईंना संशय आला. पायरी! पायरीशिवाय ताई चढणार कशी? आणि पायरी म्हणजे काय आज सांगितली आणि उद्या लावली असं थोडंच असतं? त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर पायरीचं चित्र काढलं, मापं लिहिली आणि लोखंडी पट्टी कापायला घेतली. कारखान्यात दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं, इथे स्वतः करून स्वतःच तपासायचं. सकाळी करायचं, दुपारी जेवून तपासायचं, आणि संध्याकाळी लाल टॅग.

कॉलनीत एखादा माणूस हातात पाना घेऊन उभा राहिला की बाकीच्यांना घरात बसवत नाही. विक्रमसिंह तर कुंपणावरून वाकून माळवीत चौकशी करतच असायचा. "कंई करी रिया हो भिया? अरे, पायरी छोड़ो, टायर चौड़े डलवाओ. गाड़ी रानी लगेगी, रानी!" तो दर आठवड्याला निराळा सल्ला द्यायचा आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी गाडी रानी व्हायची.

दुसरे शिवाजीराव. तहसील कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सल्ला नसायचा, बातमी असायची, आणि बातमी नेहमी वाईट. पायरी बसली त्या संध्याकाळी ते फिरायला निघाले होते. थांबले. काठीने पायरीला टोचून पाहिलं.

"बाहेर आली आहे ही. किती?"

"चार इंच," चिंतामणराव म्हणाले.

"आरसी बुकात गाडीची रुंदी लिहिलेली असते, माहीत आहे ना? त्यात हे चार इंच आहेत?"

"नाहीत."

"हं." एवढंच म्हणून शिवाजीराव निघून गेले. नुसतं 'हं'! दंड होईल म्हणाले असते तर परवडलं असतं. त्या एका 'हं'मध्ये चिंतामणरावांना पोलीस, पंचनामा, जप्त झालेली पिकअप आणि भर रस्त्यात तिच्याशेजारी पिशवी घेऊन उभी असलेली ताई असं सगळं एकामागून एक दिसलं. त्यांचं धाबं दणाणलं. भात ताटात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन परिवहन कार्यालयात गेले. अर्ज सहा पानी होता, सोबत पायरीचं तीन बाजूंनी काढलेलं चित्र, लोखंडाच्या जाडीचा तक्ता आणि ताईच्या गुडघ्याच्या एक्सरेची प्रत. खिडकीवरच्या तरुण बाबूने सगळं शांतपणे वाचलं. एक्सरे उजेडात धरून पाहिला.

"अंकल, ये किसने बोला लाने को?"

"किसी ने नहीं. हम खुद लाए हैं."

"तो फोल्डिंग बना लो ना. चढ़ते टाइम नीचे, चलते टाइम अंदर. काहे को घबरा रहे हो?"

असा सरळ माणूस सरकारी खिडकीत भेटल्यावर दुसरा कोणी खूश झाला असता. चिंतामणराव मात्र खिन्न होऊन परतले. या अर्जावर निदान दोन महिने जातील असा त्यांचा हिशोब होता.

मग पायरी फोल्डिंगची झाली. मग ताईला चढताना धरायला दांडी हवी झाली. मग सीट मऊ हवी, कारण माधवरावांच्या काळी त्या सीटने तिची कंबर धरायची. मग हौद्यावर ताडपत्रीचं छत, कारण तिचं शिवणयंत्र आणि तांब्याचा बंब उघड्यावरून न्यायचा नव्हता. मग कॅबिनमध्ये छोटा पंखा. प्रत्येक रविवारी फोनवर ताईचा आवाज थोडा दबकत यायचा, "तुला फार त्रास होतोय का रे चिंटू? पण तेवढं एक बघशील का?" आणि प्रत्येक रविवारी चिंतामणराव छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "छे गं, त्रास कसला! करतो की. महिना लागेल फक्त."

"लागू दे, लागू दे. घाई नाही," ताई लगेच म्हणायची.

इरावतीबाई दोन्ही बाजू ऐकायच्या आणि भाजी चिरायच्या. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "न्हाणीघर काही थांबून राहायचं नाही तुमच्यासाठी." त्या दिवशी चिंतामणरावांनी कोणताच टॅग बांधला नाही. दुसऱ्या दिवशी दोन बांधले.

भाद्रपदात ताईने कडी केली. "देवांचं काय करायचं रे? पेटीत कोंडून न्यायचे नाहीत, सासूबाईंची शपथ आहे. उघड्यावर, मानाने न्यायचे. आणि दक्षिणेकडे तोंड होता कामा नये."

"अगं, रस्ता वळत जातो ताई. गाडी वळली की देव वळणार."

"तेच तर म्हणतेय मी," ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. "हे काही तुला जमायचं नाही. राहू दे मग, बघू पुढच्या वर्षी."

पण चिंतामणराव छत्तीस वर्षं गिअरच्या कारखान्यात काढलेला माणूस. त्यांनी जुन्या बाजारातून ताटाएवढं बेअरिंग आणलं, डॅशबोर्डवर बसवलं, त्यावर सागवानी पाट, पाटाला चारी बाजूंनी पितळी कठडा, आणि खाली एक मूठ. शेजारी दिशा दाखवणारं होकायंत्र. गाडी कुठेही वळो, मूठ फिरवली की देव पूर्वेला. विक्रमसिंहने ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सल्ला द्यायचा विसरला. त्याने चप्पल काढून डॅशबोर्डला नमस्कार केला, तिथे अजून देव नव्हते तरी.

शिवाजीराव म्हणाले, "देव फिरवतात का कोणी?" आणि 'हं' केलं. चिंतामणरावांनी टॅग बांधला, "देव अस्थिर".

असे सतरा झाले. अठरावा वायपरचा. आणि बॉनेटवर कप आदळून इरावतीबाई म्हणाल्या, "विक्रमभियांना हाक मारा. आज शनिवार आहे, परिवहन कार्यालयात गाडीच्या फिटनेस तपासणीची तारीख आजची आहे. त्यांना उद्या पहाटे सोयाबीन घेऊन सोनकच्छच्या मंडीत जायचंय. आज गाडी पास करून आणायची. आणि हे टॅग मी काढतेय."

त्यांनी खरोखर काढले. अठराच्या अठरा, कैरीच्या फोडी वाळत घातलेली दोरी उतरवावी तसे एका ओढीत. विक्रमसिंह गाडी घेऊन गेला आणि दोन तासांनी परत आला. गाडी पास! तपासणाऱ्या साहेबाने म्हणे पाट तीनदा फिरवून पाहिला आणि कोणी बनवला ते विचारलं.

चिंतामणराव अजून त्या धक्क्यातच होते, तेवढ्यात इरावतीबाईंनी फोन लावला. "ताई, गाडी पास झाली बरं का. उद्या-परवा येतोच आम्ही न्यायला."

मग ताई म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. काही मागितलं नाही. पंखा नाही, पायरी नाही, काही नाही.

चिंतामणरावांना बुडत्याला काडी सापडावी तसं एकदम आठवलं. रिव्हर्सचा हॉर्न राहिला! गेल्या महिन्यात ताईनेच सांगितलं होतं. माधवरावांनी एकदा मागे घेताना फाटक पाडलं होतं. गाडी मागे घेताना बोलणारी बाई असते ना, ती हवी. तिच्या आवाजाची डबी आणलेली होती, जोडायची राहिली होती. संध्याकाळी उजेड होता तोवर त्यांनी ती जोडली. तार पाहिली, जुळवली, चिकटपट्टी गुंडाळली. तपासायचं तेवढं राहिलं, कारण तपासायला गाडी मागे घ्यावी लागली असती.

रविवारी नऊ वाजले. फोन आला नाही.

सव्वानऊ झाले. चिंतामणराव घड्याळाखाली खुर्ची टाकून बसले होते. साडेनऊला त्यांनी स्वतः लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. शेजारच्या जैनांकडे लावला, तर सूनबाई म्हणाल्या, "हम तो सब मोहनखेड़ा आए हैं भाईसाब, दर्शन को. शाम तक आएंगे. क्यों, क्या हुआ?" काय हुआ ते चिंतामणरावांना सांगता येईना. डोळ्यांपुढे न्हाणीघराची ओली फरशी होती, आणि या खेपेला साखर मागायला कोणी येणार नव्हतं.

दहा वाजेपर्यंत अकरा वेळा फोन लावून झाला.

"पोलिसांना कळवू?" ते म्हणाले.

"काय सांगणार? बहीण फोन उचलत नाही?"

"विक्रमसिंह?"

"मंडीत. संध्याकाळी येणार."

"बस?"

इरावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि ताईंना उचलून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? बसमधून?"

कडुनिंबाखाली पिकअप उभी होती. पास झालेली, धुतलेली, पायरी असलेली, दांडी असलेली, मऊ सीटची. अंगावर एकही टॅग नाही. चिंतामणरावांना जन्मात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती. पण आता भीती दोन होत्या, आणि गाडीची त्यातली धाकटी होती. ते उठले, किल्ली घेतली, आणि चालवणाऱ्याच्या बाजूने चढले. इरावतीबाई दुसऱ्या बाजूने, फोल्डिंगच्या पायरीवरून. पायरी उत्तम होती.

गाडी सुरू झाली. कॉलनीच्या फाटकापाशी एक म्हैस आडवी आली आणि चिंतामणरावांनी जीव खाऊन ब्रेक दाबला.

"सावधान! गाड़ी पीछे आ रही है! कृपया हट जाइए!" मागून एक बाई ओरडली.

दोघेही दचकले. मागे कोणी नव्हतं. म्हैस निघून गेली. चिंतामणरावांनी पाय उचलला, बाई गप्प. दाबला, बाई सुरू.

"तुम्ही ब्रेकच्या दिव्याची तार जोडलीत," इरावतीबाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या या माणसाने, आणि स्वतः केलेलं एक काम न तपासता सोडलं ते हे. पण थांबून दुरुस्त करायला वेळ नव्हता. गाडी महामार्गाला लागली. आता, निवांत चालवणारा माणूस शंभर किलोमीटरमध्ये ब्रेक किती वेळा लावेल? तीस? चाळीस? चिंतामणराव ट्रक दिसला की लावत होते. ट्रक गेला की, गेला म्हणून लावत होते. पुलाआधी, पुलावर, पुलानंतर लावत होते. आपली भीती चारचौघांत झाकून ठेवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती, आणि आता ती बाई दर अर्ध्या मिनिटाला तिची दवंडी पिटत चालली होती. मोटारसायकलवाले शेजारून जाताना वाकून पाहायचे. एका बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ट्रक गेला," इरावतीबाई सांगत होत्या. "आता रस्ता मोकळा आहे. श्वास घ्या. नाही, डोळे उघडे ठेवून घ्या."

टोलनाक्यावर कहर झाला. रांग होती, म्हणून ब्रेकवर पाय. "सावधान! गाड़ी पीछे आ रही है!" मागचा छोटा ट्रकवाला बिचारा भला माणूस, घाईघाईने मागे सरला. त्याच्यामागची जीप मागे सरली. तिच्यामागे सोयाबीनची ट्रॉली होती, ती सरता सरेना, आणि सगळी रांग हॉर्न वाजवू लागली. एक पोलीस काठी हलवत आला. चिंतामणरावांनी त्याच्यापुढे लायसन्स, फिटनेस, विमा, सहा पानी अर्ज आणि गुडघ्याचा एक्सरे असं सगळं एकदम धरलं.

पोलिसाने कागद पाहिलेच नाहीत. त्याने गाडीकडे पाहिलं, डॅशबोर्डवरच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, मग चिंतामणरावांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. "चाचा, एक बात बताओ. आप जा रहे हो कि आ रहे हो?"

"बहन को लेने जा रहे हैं," चिंतामणराव म्हणाले, आणि भर रस्त्यात त्यांना रडू फुटलं. "फोन नहीं उठा रही."

पोलिसाने काठी बगलेत मारली, पुढच्या दोन गाड्या बाजूला घेतल्या आणि त्यांना वाट करून दिली. "आराम से जाना," तो म्हणाला. मागून बाई ओरडत होती, हट जाइए.

धारच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा एक वाजून गेला होता. चिंतामणराव उतरले. धडपडत फाटक उघडलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसेच थांबले.

ताई ओसरीत बसून लसूण सोलत होती. धडधाकट. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातला लसूण सुपात पडला.

"तू?" ती म्हणाली. "खरंच आलास?"

"फोन!" चिंतामणराव ओरडले. लहानपणापासून ते ताईवर ओरडले नव्हते. "फोन का उचलत नाहीस? मेलो ना मी तिकडे! अकरा वेळा केला!"

"कुठला फोन?" ताई म्हणाली, पण तिने मान खाली घातली. इरावतीबाईंनी आपल्या मोबाईलवरून नंबर लावला. स्वयंपाकघरातून, कुठून तरी खोल, दबकी घंटी ऐकू आली. त्या आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून फोन काढून घेऊन आल्या. त्याला अजून चार तांदूळ चिकटलेले होते.

भिंतीला लागून ताईच्या दोन ट्रंका उघड्या पडल्या होत्या. रिकाम्या.

"भरते," ताई म्हणाली. "दर शनिवारी भरते. रविवारी पुन्हा काढून ठेवते." तिने पदराने हात पुसले. "एक्कावन्न वर्षं झाली या घरात. इथे रात्री डोळे मिटून पाणी प्यायला उठते मी. तुमच्याकडे दिव्याचं बटण कुठे, तेही ठाऊक नाही मला. भीती वाटते रे चिंटू."

"मग सांगायचं ना!"

"सांगत नव्हते का? पायरी मागितली, वाटलं चार महिने जातील. दांडी मागितली, पंखा मागितला. देवांचं तर मुद्दाम काढलं, म्हटलं हे काही याला जमायचं नाही. तू मेल्या बेअरिंगवर पाट बसवलास!"

चिंतामणराव मटकन ओसरीच्या पायरीवर बसले. सात महिने! दोघंही फोन धरून एकमेकांना महिना-महिना देत होते, आणि दोघंही खूश होत होते. त्यांना हसू यायला लागलं आणि थांबेना.

"आणि खरं सांगू?" ताई म्हणाली. "त्या दिवशी तू कोपऱ्यावर उतरलास आणि तो मिशीवाला गाडीत बसला, ते मला फाटकातून दिसलं होतं."

हसू थांबलं.

"तुला चालवता येत नाही हे माहीत होतं मला. म्हणून तर तूच चालवायचं अशी अट लावून धरली. तुझ्या भित्रेपणाच्या भरवशावर होते मी." ताईचे डोळे भरून आले. "आणि आज तू एवढा रस्ता चालवत आलास. कशाला रे?"

"तू फोन उचलला नाहीस म्हणून."

ताईने त्याच्या केसांतून लसणाचा हात फिरवला. बासष्ट वर्षांच्या माणसाने तो फिरवू दिला.

"नाही यायचं तर नको येऊस ताई," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी दर आठवड्याला येत जाईन." हे बोलताना दर आठवड्याचा टोलनाका त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

ताईने सुपातली आणखी एक पाकळी सोलली. मग म्हणाली, "महिनाभर येते. नाही करमलं तर आणून सोडशील?"

"सोडीन."

"तूच चालवत?"

चिंतामणरावांनी तळवे शर्टाला पुसले. "मीच," ते म्हणाले.

ट्रंक एकच भरली. तीही अर्धी. शिवणयंत्र, बंब, सगळं जागच्या जागी राहिलं. देव मात्र आले. ताईने ते एकेक करून पाटावर मांडले, मूठ फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाली, "छान केलंयस रे." सात महिन्यांत हा त्यांच्या कामाला मिळालेला पहिला हिरवा टॅग. निघताना ती कुलूप तीनदा ओढून पाहायला गेली. तिघं पुढे दाटीवाटीने बसली, ताई खिडकीशी, एक हात दांडीला आणि एक मुठीला.

गाडी निघाली. गल्लीच्या कोपऱ्यावर ब्रेक. "सावधान! गाड़ी पीछे आ रही है!"

"ही कोण?" ताई दचकून म्हणाली. इरावतीबाईंनी सांगितलं. ताई तोंडाला पदर लावून हसली, आणि मग प्रत्येक वेळी बाई ओरडली की हसू लागली. रस्ता वळायचा, ती मूठ फिरवायची. उन्हं उतरत होती. तिने घरातल्या मांजराचं काहीतरी सांगायला घेतलं, मग माधवरावांनी फाटक पाडलं त्याचं, आणि चिंतामणराव 'हो का', 'मग?' करत ऐकत राहिले.

मध्येच ती बोलायची थांबली. "चिंटू, ती बाई बराच वेळ बोलली नाही रे."

चिंतामणरावांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. पन्नास! केव्हापासून कोण जाणे, पाय ब्रेककडे गेलाच नव्हता. हे लक्षात येताच त्यांनी मोकळ्या रस्त्यात खच्चून ब्रेक दाबला. पाटावरचे देव गरकन फिरले.

"सावधान! गाड़ी पीछे आ रही है!"

ताईने मूठ धरली आणि देवांची तोंडं पुन्हा पूर्वेला केली.

"तिला म्हणावं, पुढेच चाललोय आम्ही," ती म्हणाली.